साहेबांच्या नावाचं मासिक

अन्याय झाला तो सुखदेव वानखडे यांच्यावर. पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत, खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर. सुखदेव वानखडे म्हणजे माझा थोरला भाऊ. अन्याय करणाऱ्या साहेबांचं नाव मी लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, माझं भीती वाटायचं वय गेलं. त्यांचं नाव एकदा छापून आलेलं आहे, तेही थेट अमेरिकेत, गुळगुळीत कागदावर. ते छापून येण्यासाठी त्यांनी जेवढे कष्ट घेतले, त्या मानाने एकदा पुष्कळ झालं.

पत्रक लिहायची शिस्त मला एकोणिसाव्या वर्षी लागली. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं, आणि मधे जागा उरलीच तर कारणं. आज जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, पण शिस्त तीच आहे. फक्त या वेळी मधली जागा जरा ऐसपैस घेते. त्या वेळच्या पत्रकात ती मी घेतली नव्हती, आणि ते मला नाही, भावाला महाग पडलं.

आम्ही बडनेऱ्याला राहायचो, रेल्वेच्या दोन खोल्यांच्या चाळीत. बाबा रुळांच्या गँगमध्ये होते. घराच्या मागे यार्ड, आणि यार्डात रात्रंदिवस डबे एकमेकांवर आदळायचे. पाहुणे दचकायचे, आम्ही शांतता झाली की दचकायचो. माय ज्वारीच्या भाकरी थापायची तेव्हा थापेचा आवाज आणि डब्यांचा आवाज एका तालात यायचा, आणि ताल चुकला की माय इंजिनाला शिव्या द्यायची. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, रविवारी वांग्याचं भरीत, आणि महिन्याच्या शेवटी कण्या. कण्यांना बाबा ‘शेवटचा डबा’ म्हणायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोनाडा होता. आम्ही बौद्ध झालो तेव्हा त्यातले देव निघाले, आणि कोनाडा काही वर्षं रिकामाच राहिला. मायला रिकामा कोनाडा बघवत नव्हता. कधी ती तिथे मिठाचा डबा ठेवायची, कधी बाबांचा हिरवा-लाल कंदील. मग एक दिवस भावाने तिथे एक इंग्रजी मासिक ठेवलं, आणि त्यानंतर दुसरी कुठलीच वस्तू त्या कोनाड्यात शिरू शकली नाही.

भावाची कचेरी कापसाचे आणि ज्वारीचे आकडे गोळा करणारी. गावागावांतून आकडे यायचे आणि कचेरी त्यांच्या बेरजा करून वर पाठवायची. वरची कचेरी त्यांच्या बेरजा करून आणखी वर पाठवायची. शेवटी ते कुठे जात हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण वर कोणीतरी त्यांची वाट बघत बसलं आहे अशी सगळ्यांची श्रद्धा होती. बेरीज-गुणाकारासाठी कचेरीत हँडलची यंत्रं होती. आकडा लावायचा आणि गर्र करून हँडल फिरवायचं. अशी पाच यंत्रं एकदम चालली की दारातून आत येणाऱ्याला पिठाच्या गिरणीत आल्यासारखं वाटे. भाऊ मॅट्रिक होता, रेल्वेच्या एका गार्डकडून जुनी वर्तमानपत्रं आणून शब्दकोशाला टेकवून इंग्रजी शिकला होता, आणि कचेरीत सगळ्यांत स्वच्छ इंग्रजी त्याचं होतं. हे साहेबांना माहीत होतं. म्हणून तर सगळी इंग्रजी पत्रं त्याने लिहायची आणि साहेबांनी पाठवायची, अशी कामाची न्याय्य वाटणी झाली होती.

इथे कचेरीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सरकारात कारकुनाच्या नावाने कागद बाहेर जात नाही. कागदाच्या तळाशी टाइपात साहेबांचं नाव आणि हुद्दा. साहेब दौऱ्यावर असले, किंवा जेवून आडवे झाले असले, तर त्या नावाच्या वर कारकुनाने आपली बारीक सही करायची आणि पुढे लिहायचं ‘करिता’. म्हणजे सही माझी आहे, पण मी नाही, मी फक्त साहेबांकरिता आहे. आमच्या साहेबांनी भावाला एकदाच, पान लावता लावता, तोंडी हुकूम दिला होता, “वानखडे, किरकोळ टपाल तुम्हीच बघून घेत जा, मला त्रास नको.” तेव्हापासून किरकोळ म्हणजे काय हे ठरवायचा त्रासही भावाकडेच आला.

मासिक आलं ते एका मिस्त्रीच्या पिशवीतून. मुंबईहून यंत्र दुरुस्तीला आलेला माणूस तेलाची बाटली ज्यात गुंडाळून आणली तो अंक टेबलावर विसरून गेला. तेलाने अर्धी पानं पारदर्शक झाली होती. ते कम्प्युटरच्या धंद्याचं मासिक होतं. धंद्याचं म्हणजे, ज्यांना कम्प्युटर विकायचे आहेत त्यांनी, ज्यांना ते विकत घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी छापलेलं. आपल्याकडे कापसाचे भाव छापून येतात तसंच ते, फक्त ज्या मालाचे भाव त्यात होते तो माल अमरावती जिल्ह्यात कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दर दुसऱ्या पानावर जगातलं सर्वांत वेगवान यंत्र, आणि पान उलटलं की त्याहून वेगवान. प्रत्येक यंत्राशेजारी एक गोरी बाई हात ठेवून उभी. मायचा प्रश्न एकच असायचा, “हे बाई काहून उभी हाय? मशीन इकून राहिली का स्वतः इकाले आली?” बाईच्या बाबतीत त्या मासिकाचा विचार काय होता हे मायने पहिल्याच अंकात ओळखलं होतं.

अंकात एक जाड कार्ड शिवलेलं होतं. मासिक फुकट हवं असेल तर भरून पाठवा. पण फुकट सगळ्यांना नाही, फक्त ‘योग्य वाचकांना’. योग्य कोण हे संपादक ठरवणार, कार्ड वाचून. आपला हुद्दा काय? आपल्या हाताखाली किती माणसं? कचेरीत कम्प्युटर किती? नवीन यंत्र घेताना आपल्या शब्दाला किती वजन आहे? मला तेव्हा हे वाचून हसू आलं होतं. समुद्रापलीकडे बसलेला माणूसही वाचायला देण्याआधी विचारत होता की तू कोणाचा कोण. आपल्याकडे निदान असा प्रश्न छापून विचारत नसत, तोंडाकडे बघून ओळखत.

भावाने ते कार्ड रीतीप्रमाणे भरलं. नाव साहेबांचं, हुद्दा साहेबांचा, हाताखालची माणसं खरी, कम्प्युटर शून्य, शब्दाला वजन आहे (साहेबांच्या, म्हणजे तेही खरं). खाली सही: सु. ना. वानखडे, करिता. हे सगळं त्याने मला शनिवारी घरी आल्यावर सांगितलं, आणि मी भडकले.

“तुयं नाव काहून नाई टाकलं?”

“मी कोन हाओ, शांते? माया हुद्दा लिहिला असता तर त्यायनं कार्ड चुलीत घातलं असतं.”

“वाचनार कोन? तू का साहेब?”

“वाचनार मी. योग्य साहेब.” तो हसला. “दोघं मिळून एक वाचक होतो आमी.”

पाच-सहा महिन्यांनी पहिला अंक आला. आगबोटीने यायचा, त्यामुळे आमच्याकडे सगळ्या नव्या बातम्या शिळ्या होऊन पोचत, पण बडनेऱ्यात शिळ्याची कोणाला सवय नव्हती? साहेब वेष्टनावर आपलं नाव वाचत, खूश होत, अंक काचेच्या कपाटात दिसेल असा उभा ठेवत. आलेल्या पाहुण्याला तिकडे बघायला लागावं म्हणून समोरची खुर्ची त्यांनी कपाटाकडे वळवून घेतली होती. दर शनिवारी भाऊ तो कपाटातून काढून घरी आणायचा आणि सोमवारी सकाळी पुन्हा उभा करून ठेवायचा. साहेबांना कधी कळलं नाही, कारण साहेबांना मासिकाची पाठ तेवढी ओळखीची होती. अंकाच्या मागे आणखी एक कार्ड असे, नुसते आकडे छापलेलं. ज्या जाहिरातीची जास्त माहिती हवी तिच्या आकड्याभोवती गोल काढायचा. भावाने पहिल्या वेळी सगळ्या आकड्यांभोवती गोल काढले. मग दोन वर्षं अमरावतीच्या त्या कचेरीत इतकी माहितीपत्रकं आली की पोस्टमन साहेबांना अदबीने नमस्कार करू लागला. एका कंपनीने तर विचारलं होतं की आमचा माणूस आपल्या यंत्राच्या दालनाला भेट द्यायला कधी आलेला चालेल. मायने त्या चकचकीत कागदांनी पिठाचे डबे आतून मढवले. अजूनही कुठे नवीन छापील कागदाचा वास आला की मला त्यात ज्वारीच्या पिठाचा वास येतो.

आता एका रविवारचं सांगते. मासिकात एक लेख होता, गोदामातल्या मालाची नोंद कम्प्युटरने कशी ठेवावी. त्यासोबत एक आकृती होती, चौकटी आणि बाण. पहिली चौकट: कार्ड वाचा. दुसरी: माल कमी आहे का? असेल तर नाव छापा. पुढची: हे शेवटचं कार्ड आहे का? बाण धरून यंत्राने जायचं. भाऊ शनिवारी रात्री उशिरापर्यंत ती आकृती बघत बसला. रविवारी भरीत भाजत होतं, आणि त्याने सगळ्यांना कामाला लावलं. काड्यापेटीच्या कव्हरांची कार्डं केली, चिंचोके म्हणजे माल. मायच्या सुपात कार्डांची रास, म्हणजे माय कार्ड देणार. मी पाटी घेऊन दारापाशी, म्हणजे मी छापणार. आणि बाबा मधे चालणार, कार्ड मायकडून घेऊन माझ्याकडे, भाऊ वाचेल त्या चौकटीप्रमाणे.

“बाबा, बाणाबाहीर एक पाऊल टाकाचं नाई.”

“मले नको शिकवू,” बाबा म्हणाले. “तीस वर्षं सिग्नल पाहून चाललो मी.”

आणि बाबा चालले. बारा कार्डं व्यवस्थित झाली. कुठे चिंचोके कमी, मी पाटीवर लिहिलं. शेवटचं कार्डही झालं. बाबा पुन्हा सुपाकडे गेले. सूप रिकामं. बाबा माझ्याकडे आले, मी पाटी दाखवली, बाबा पुन्हा सुपाकडे. भाऊ आकृतीवर बोट ठेवून बाण बघत होता. बाबा चूल आणि दार, दार आणि चूल असे फिरत राहिले.

“अवो, झाले ना कार्डं!” माय ओरडली. “थांबा ना आता! माई भाकर करपून राहिली, तुमी पायात येऊन राहिले!”

“सिग्नल पडला नाई,” बाबा गंभीरपणे म्हणाले, आणि पुन्हा वळले.

“सुख्या, थांबव रे त्यायले!”

“थांबवता येत नाई, माय,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “त्यायनं बाण चुकीचा काढला. शेवटचं कार्ड झालं की थांबाले पाह्यजे, त्यायनं बाण वरच्याच चौकटीत घातला. हे मशीन मरेपर्यंत फिरन.”

बाबांना मायने हाताला धरून बसवलं. भाकर गेली ती गेलीच. पण अमेरिकेतल्या मोठ्या मासिकातली चूक बडनेऱ्याच्या चुलीपुढे, एका गँगमनच्या पायांनी सापडली होती. आज माझी नात दिवसभर त्या यंत्रांपुढे बसून असते आणि मला सांगते, आजी, असल्या चुका आम्ही रोज करतो. करत असाल. मला कोणी भाकर करपल्याचं सांगत नाही, एवढंच.

भावाने संपादकाला पत्र लिहिलं. दीड पान, कुठे फुशारकी नाही, चुकलेला बाण आणि दुरुस्त बाण. कोऱ्या कागदावर स्वतःच्या नावाने लिही म्हणून मी भांडले. त्याने कचेरीच्या कागदावर टाइप केलं, तळाशी साहेबांचं नाव, वर आपली बारीक सही, करिता. साहेबांना दाखवलं का? साहेब तेव्हा दौऱ्यावर होते, आणि त्यांच्या दृष्टीने याहून किरकोळ टपाल जगात दुसरं नव्हतं. कार्बन प्रत भावाने घरी आणून कोनाड्यातल्या त्या मासिकाच्या पानांत ठेवली.

आठ महिन्यांनी पत्र छापून आलं. ‘करिता’ म्हणजे काय हे त्या संपादकाला कळणं शक्य नव्हतं. त्याने टाइपातलं नाव घेतलं. खाली त्याने लिहिलं होतं की भारतातल्या अमरावतीहून या सावध गृहस्थांनी आम्हाला लाजवलं आहे, असे वाचक आमच्या मासिकाला लाभतात याचा अभिमान वाटतो. साहेबांना हे मुंबईच्या वरच्या कचेरीने कळवलं. तिथे कोणीतरी तेच मासिक वाचत होतं, आणि त्याच्या मनात अमरावतीच्या साहेबांबद्दल अचानक आदर उत्पन्न झाला होता. साहेबांनी अंक कपाटातून काढला, आयुष्यात पहिल्यांदा उघडला, आणि शिपाई मारोतीला हाक मारली, “वानखडेंना पाठव.”

“वानखडे, हे मी काय लिहिलं आहे?”

भावाने तीन दुपारी बसून साहेबांना समजावलं की त्यांनी काय लिहिलं आहे. चौथ्या दिवशी साहेब ते दुसऱ्यांना समजावू लागले. पान चौकटीत बसवून भिंतीवर लागलं. हे सगळं मला भावानेच हसत हसत सांगितलं. त्याला राग नव्हता, कारण साहेबांनी त्याला शब्द दिला होता. मुंबईच्या कचेरीत कम्प्युटर येणार होता, आणि प्रत्येक विभागातून एकच माणूस सहा महिने शिकायला जाणार होता. शिकेल तो यंत्रावर राहील. साहेब म्हणाले होते, “माझ्या मनात तुमचंच नाव आहे, वानखडे.” ते नाव मनातून बाहेर यायला फार लाजाळू निघालं. यादी लागली तेव्हा त्यात साहेबांचं स्वतःचं नाव होतं. शिफारस: कम्प्युटरविषयी आंतरराष्ट्रीय मासिकात प्रसिद्ध झालेलं लेखन.

त्या वेळी मी अकोल्याला कॉलेजात होते, जुन्या शहरात मावशीकडे राहायचे. मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका बोळात युसूफचाचांचा छापखाना होता, पायाने चालवायचं एक यंत्र आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या दोन पेट्या. लग्नपत्रिका, सर्कशीचे कागद, आणि माझी पत्रकं. शिष्यवृत्ती उशिरा मिळते, वसतिगृहात डाळीत पाणी, अमक्या विहिरीवर आजही वेगळी दोरी. पाच-सहा पत्रकं मी काढली होती, त्यातल्या दोनांना यश आलं होतं, म्हणजे दोन्ही वेळा कोणीतरी चिडलं होतं. मला वाटायचं, खरं छापलं की काम झालं. बातमी कळली त्या रात्री मी बडनेऱ्याला जाऊन कोनाड्यातली कार्बन प्रत घेतली. भाऊ झोपला होता. त्याला उठवलं नाही. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला आधी विचारायचं असतं, हे आम्हा पत्रकवाल्यांच्या शिस्तीत कुठेच बसवलेलं नव्हतं. आजच्यांच्याही दिसत नाही.

पत्रकाचं नाव होतं ‘पत्र कोणाचं?’. सगळं लिहिलं. पत्र सुखदेव वानखडे यांनी लिहिलं, मासिकाचं कार्डही त्यांनीच भरलं, दोन्हींवर सही त्यांची, साहेबांना अंक उघडताही येत नव्हता, कार्बन प्रत आमच्यापाशी आहे, कोणीही येऊन बघावी. युसूफचाचांनी मजकूर जुळवता जुळवता हात थांबवला.

“बेटी, लिखा तो खूब है. पण एक सांग, सबूत कोनाच्या खिलाफ देऊन राहिली तू?”

“साहेबाच्या.”

“हां? सही तर तुया भावाची हाय.”

“म्हणूनच तर, चाचा! सही त्याची हाय!”

चाचांनी हातातला खिळा पेटीत परत ठेवला. “एक दिन ठहर. भाऊले वाचून दाखव.”

“सोमवारी साहेब मुंबईले जाऊन राहिले. तुमी छापा.”

“छापतो ना. माया धंदाच हाय तो,” चाचा म्हणाले, आणि यंत्रावर पाय ठेवला.

सोमवारी सकाळी कचेरीच्या फाटकाशी मी उभी होते. येणारा प्रत्येक जण पत्रक घेत होता. दोन कारकुनांनी पाठीवर थाप मारावी तसं माझ्याकडे बघितलं आणि कागद घडी करून आत गेले, इतके आत की पुन्हा दिसले नाहीत. भाऊ सायकलवरून आला. उतरला, पत्रक घेतलं, तिथेच उभ्याने शेवटपर्यंत वाचलं. नीट चार घड्या केल्या, खिशात ठेवलं.

“जेवली का?” त्याने विचारलं.

“नाई.”

“मायनं डबा देला, दोघायचा होईन. दुपारी ये.” आणि आत गेला.

आत काय झालं ते मला मारोतीने सांगितलं. साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा खुलत गेला. भावाला बोलावलं.

“ही सही तुमची?”

“होय, साहेब.”

“परदेशी मासिकाशी माझ्या नावाने पत्रव्यवहार तुम्ही केला?”

“आपलाच हुकूम होता. किरकोळ टपाल.”

“कोणत्या क्रमांकाचा हुकूम?”

“तोंडी होता, साहेब.”

“तोंडी,” साहेब म्हणाले. “असं कसं वानखडे, तुम्ही तर एवढे जुने कारकून.”

आता बघा बाण कसा होता. पत्र साहेबांचं असेल तर मुंबई साहेबांची. पत्र भावाचं असेल, तर भावाने परवानगीवाचून अधिकाऱ्याचं नाव वापरलं, आणि तसं वापरलं याचा पुरावा त्याच्या सख्ख्या बहिणीने पाचशे प्रती छापून फाटकावर वाटला. साहेबांना शोधाशोध करायचा त्रास नको, हे मी किती मनावर घेतलं होतं! राहता राहिली साहेबांची फजिती, तर पत्रकानंतरही ते मुंबईला गेलेच. पत्र ‘कचेरीचं’ होतं असं ठरलं, आणि कचेरी म्हणजे अर्थातच साहेब.

निलंबनाचा हुकूम इंग्रजीत काढायचा होता. मसुदा साहेबांनी स्वतः लिहिला आणि मारोतीच्या हाती दिला, “वानखडेंना म्हणावं, भाषा जरा बघून द्या.” सवयीने म्हणाले की मुद्दाम, ते मारोतीलाही सांगता आलं नाही. भाऊ खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर बसला आणि स्वतःच्या निलंबनातल्या तीन चुका त्याने दुरुस्त केल्या. ‘सोबत जोडलेला कागद’ म्हणून जे लिहिलं होतं, तिथे माझ्या पत्रकाचं नाव अर्धवट होतं, ते त्याने पूर्ण केलं. टाइप करून नेऊन दिलं. साहेबांनी सही केली, ठळक, लांबलचक, पूर्ण नावाची. त्या कचेरीतून भावाच्या हातचा एवढा एकच कागद ‘करिता’वाचून निघाला. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मारोतीने घड्याळ पाहिलं होतं, कारण चहाची वेळ टळत होती.

दुपारी आम्ही झाडाखाली बसून डबा खाल्ला. भाकर, भरीत, कांदा. मी रडत होते आणि साहेबांना शिव्या देत होते, दोन्ही एकदम केल्याने घास अडकत होता. भावाने पाणी पुढे केलं.

“शांते, तुयं पत्रक मी वाचलं. सगळं खरं हाय त्यात. एक शब्द खोटा नाई.” त्याने डब्याचं झाकण लावलं. “एक बाण चुकला फक्त.”

तो बाण दुरुस्त करायला मला एवढी वर्षं लागली. म्हणून हे पत्रक.

चौकशी दीड वर्ष चालली. शेवटी त्याला परत घ्यायला हरकत नाही असं ठरलं, आकड्यांच्या नव्हे, बारनिशीच्या टेबलावर, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांना क्रमांक द्यायला. तो गेला नाही. हिवरखेडच्या शाळेत गणित शिकवायला लागला आणि तिथेच त्याने नोकरी संपवली. वर्गात तो मुलांना काड्यापेट्या आणि चिंचोके घेऊन चालायला लावायचा, आणि एका मुलाला कायम शिक्षा असायची ती फिरत राहायची, जोवर बाकीचे बाण दुरुस्त करत नाहीत. साहेब मुंबईत यंत्रावर राहिले, चढत गेले. यंत्राने काही हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. मासिक मात्र इमानदार, अमरावतीच्या कचेरीत साहेबांच्या नावाने ते आणखी कित्येक वर्षं येत राहिलं, आणि न उघडता रद्दीत जात राहिलं. योग्य वाचक अर्धा हिवरखेडला होता आणि अर्धा मुंबईला.

हिवरखेडहून भावाने एकदा नवीन कार्ड भरलं. या वेळी नाव स्वतःचं. हुद्दा: शिक्षक. कम्प्युटर: शून्य. शब्दाला वजन: नाही. सही: पूर्ण. संपादकाचं छापील उत्तर आलं, अतिशय सभ्य भाषेत, की आपण आमच्या योग्य वाचकांच्या व्याख्येत बसत नाही, याचा खेद आहे. ते उत्तर त्याने जपून ठेवलं होतं. तो गेल्यावर त्याच्या ट्रंकेत मला ते मिळालं, दीड पानी कार्बन प्रतीला टाचणीने लावलेलं, आणि त्याच्यामागे चार घड्यांचं माझं पत्रक.

म्हणून, हे वाचणाऱ्या, तुझ्या टेबलावर आत्ता एक कागद सहीला आलेला आहे, नसेल तर संध्याकाळपर्यंत येईल. तो तू लिहिलेला नाहीस. ज्याने लिहिला त्याला हाक मार आणि आधी विचार, नाव टाकलेलं चालेल का. मी विचारलं नव्हतं. तो हो म्हणाला, तर पेन त्याच्या हातात दे, आणि तळाशी त्याचं पूर्ण नाव लिहू दे. ‘करिता’ नको. आणि त्या नावापायी उद्या कोणी त्याला क्रमांक विचारला, तर आपल्या हाताने लिहून दे की हुकूम माझा होता. तोंडी नाही. आज, कचेरी सुटायच्या आत.